पेशीची घडण आणि आपलें रक्त

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय शाळेच्या पुस्तकांतला आहे. पेशी म्हणजे काय, तिची रचना कशी असते आणि ती कोणतें कार्य करते, हें आपल्यापैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां पाठ केलें असेल आणि परीक्षा संपतांच विसरूनही गेले असाल. पण आमच्या भंडारा जिल्ह्यांत, किंबहुना नागपूरपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या साऱ्या पूर्व विदर्भांत, हा धडा मिटून ठेवण्यासारखा नाहीं. येथील कित्येक घरांतील मुलांचें आरोग्य त्याच्याशीं निगडित आहे. म्हणून तो आज जरा निराळ्या रीतीनें आपणांपुढें मांडतों.

प्रथम पेशीची ओळख करून घेऊं. कांद्याच्या पाकळीच्या आंतल्या बाजूस जो तलम पापुद्रा असतो, तो सोलून पाण्याच्या थेंबांत पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर विटांच्या भिंतीसारखी रचना दिसते. त्यांतील एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप असाच न्याहाळला आणि त्यांतील कप्प्यांना लहान खोली या अर्थाचें नांव दिलें. वास्तविक त्यानें पाहिलीं तीं ओसाड घरें होतीं. कारण बूच म्हणजे झाडाची निर्जीव साल. जिवंत पेशी पुढें हॉलंडमधील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहिल्या. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राऊन यानें पेशीच्या पोटांतील केंद्रकास त्याचें नांव दिलें. १८३८ व १८३९ सालीं श्लायडेन आणि श्वान या दोघां जर्मन पंडितांनीं वनस्पति व प्राणी हे पेशींचेच बनलेले आहेत असें प्रतिपादन केलें. १८५५ मध्यें फिरखो यानें त्यास जोड दिली कीं, प्रत्येक पेशी ही आधींच्या एखाद्या पेशीपासूनच जन्मास येते. हें शेवटचें सूत्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें कामास येणार आहे.

पेशीची रचना समजण्यास आमच्याकडील धानाची बांधी हा दृष्टांत पुरेसा आहे. बांधीच्या चोहों बाजूंस धुरा असतो. तो पाणी अडवितो, पण कायमचें कोंडून ठेवीत नाहीं. ठरलेल्या ठिकाणीं त्यास तोंड असतें आणि किती पाणी घ्यावें व किती सोडावें हें तेथें ठरतें. पेशीचा धुरा म्हणजे पेशीपटल. तें इतकें पातळ असतें कीं साध्या सूक्ष्मदर्शकांत त्याची जाडी उमगत नाहीं. तथापि आंत काय घ्यावें आणि बाहेर काय टाकावें याचा विवेक त्याच्यापाशीं असतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे थोड्याच वेळांत पाणी सुटतें, तें पेशींतूनच बाहेर आलेलें असतें. वनस्पतींच्या पेशींना या पटलाबाहेर आणखी एक ताठ भित्तिका असते. प्राण्यांच्या पेशींना ती नसते.

पटलाच्या आंत पेशीद्रव असतें. त्यांत नाना प्रकारचीं उपकरणें आपापल्या कामांत गढलेलीं असतात. तंतुकणिका अन्नांतील शक्ति मोकळी करून पेशीच्या उपयोगास आणतात. रायबोसोम नांवाचे अतिसूक्ष्म कण प्रथिनें घडवितात. पानांच्या पेशींत हरितलवकें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें साखर तयार करतात. या सर्वांचें नियमन केंद्रकाकडे असतें. केंद्रकांत गुणसूत्रें असतात आणि त्यांवर कोणतें प्रथिन कसें घडवावें याची कृति जणुं लिहून ठेवलेली असते. अशा एका कृतीस जनुक म्हणतात. प्रत्येक कृतीच्या बहुधा दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली व दुसरी वडिलांकडून.

मनुष्याच्या देहांत सुमारें ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या सर्व एकाच सांच्याच्या नसतात. ज्या पेशीचें जसें काम, तशी तिची घडण. मज्जापेशीस दूरवर निरोप पोंचवावयाचा असतो, म्हणून तिचा तंतु कधीं कधीं हातभर लांब असतो. स्नायूची पेशी आखडते व सैल होते, म्हणून ती लांबट असते. परंतु घडण आणि कार्य यांचा मेळ जितका रक्ताच्या तांबड्या पेशींत स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

तांबडी पेशी ही दोन्ही बाजूंनीं मध्यें दबलेल्या चकतीसारखी असते. तिचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेसात पट, म्हणजे अशा सव्वाशेंहून अधिक चकत्या एका ओळींत मांडल्या तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरेल. निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत अशा सुमारें ५० लाख पेशी असतात. हाडांतील मगजांत त्या जन्मतात आणि रक्तांत उतरण्यापूर्वीं आपलें केंद्रक टाकून देतात. जागा मोकळी करावयाची ती एकाच मालासाठीं. तो माल म्हणजे हीमोग्लोबिन. एका पेशींत त्याचे सुमारें २७ कोटी रेणु असतात, आणि प्रत्येक रेणु फुफ्फुसांत प्राणवायूचे चार रेणु उचलून देहांत सर्वत्र पोंचवितो. अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचा व्यास पुष्कळदां या पेशीहूनही कमी असतो. तरी ही चकती मऊ असल्यामुळें दुमडून त्यांतून पार होते व पुन्हां आपल्या मूळ आकारास येते. असा प्रवास ती सुमारें १२० दिवस करते आणि मग मोडीत निघते.

आतां या घडणींत अगदीं लहानसा बिघाड झाला तर काय होतें, तें पाहूं. हीमोग्लोबिनच्या रेणूंत चार साखळ्या असतात. त्यांपैकीं दोन साखळ्यांत प्रत्येकीं १४६ दुवे असतात. कांहीं लोकांत या साखळीचा सहावा दुवा निराळा असतो; ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन आलेलें असतें. १४६ पैकीं फक्त एक दुवा! पण त्याचा परिणाम असा कीं, प्राणवायु सोडून दिल्याबरोबर हे रेणु एकमेकांस चिकटतात आणि त्यांच्या ताठ काड्या बनतात. त्या काड्या पेशीस आंतून ताणतात आणि वाटोळी, मऊ चकती वांकडी, कडक होऊन विळ्यासारखी दिसूं लागते. धान कापावयाचा विळा आमच्या जिल्ह्यांत घरोघर आहे. त्यावरूनच इंग्रजींत या विकारास सिकलसेल असें नांव पडलें आणि आज खेड्यापाड्यांतही तोच शब्द रूढ आहे.

शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनीं १९१० सालीं या पेशींचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. दोष हीमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे हें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ मध्यें दाखविलें. पुढें १९५६-५७ च्या सुमारास इंग्रम यांनीं तो नेमका दुवाही शोधून काढला. हिंदुस्थानांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्यें या पेशी आढळल्या, आणि १९५८ मध्यें शुक्ल व सोळंकी या डॉक्टरद्वयानें त्या नागपूरकडील लोकांत असल्याचें जाहीर केलें.

घडण बिघडली कीं कार्य कसें बिघडतें, हें आतां वेगळें सांगावयास नको. कडक झालेली पेशी केशवाहिनींत अडकते. तिच्यामागें दुसऱ्या अडकतात. पुढील भागास प्राणवायु मिळेनासा होतो व असह्य वेदना सुरू होतात. या पेशी १२० दिवसांऐवजीं अवघ्या १० ते २० दिवसांत फुटतात. म्हणून रक्त सदैव अपुरें राहतें व डोळ्यांवर पिंवळेपणा येतो. तान्ह्या मुलांत हातापायांचे पंजे सुजतात. जन्मतः बाळाच्या रक्तांत निराळ्या प्रकारचें हीमोग्लोबिन असतें, त्यामुळें पहिले कांहीं महिने रोग झांकलेला राहतो. सांधे दुखतात तेव्हां घरचीं माणसें वात समजून लेप लावीत बसतात. वर्गांत एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो आणि खेळांत लवकर थकतो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं शिक्षकांनीं त्याच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय, हें विचारावें.

हा रोग स्पर्शानें, अन्नानें किंवा पाण्यानें होत नाहीं. तो आईबापांकडून येतो, आणि येथें फिरखोचें तें सूत्र कामास येतें. पेशी पेशीपासून जन्मते, तेव्हां केंद्रकांत लिहिलेली कृति, तिच्यांतील चुकीसह, पुढें जाते. ज्याच्या दोन्ही प्रती सदोष, तो रोगी. ज्याची एक प्रत शुद्ध व एक सदोष, तो वाहक. वाहकास सहसा कांहींएक त्रास होत नाहीं. तो नांगर धरतो, नोकरी करतो आणि म्हातारा होतो. रक्त तपासल्यावांचून आपण वाहक आहों हें त्यास कळतही नाहीं. इतकेंच नव्हे, तर हिंवतापाच्या घातक प्रकारापासून वाहकाचें बरेंच रक्षण होतें, हें ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंतील अभ्यासावरून दाखविलें. जेथें हिंवताप पिढ्यान् पिढ्या मुक्काम ठोकून होता, अशा मुलखांत ही सदोष प्रत कां टिकून राहिली, याचा उलगडा त्यावरून होतो. रानावनांच्या आणि तळ्यांच्या आमच्या प्रदेशास तो सहज लागूं पडतो. आदिवासी व इतर कांहीं समाजांत हिचें प्रमाण अधिक आहे. पण त्यांत कोणाच्या कुळास कमीपणा नाहीं, आणि आपण या समाजांतले नाहीं म्हणून तपासणी टाळण्यासही आधार नाहीं.

खरा प्रश्न दोन वाहकांचा विवाह होतो तेव्हां उत्पन्न होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याविषयीं संभव असा : चारांत एक वेळ मूल रोगी, चारांत दोन वेळां वाहक आणि चारांत एक वेळ पूर्ण निर्दोष. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिलें मूल रोगी झालें म्हणजे पुढचीं तीन सुखरूप, असा हिशेब निसर्ग ठेवीत नाहीं. नाणें दर वेळीं नव्यानेंच उडविलें जातें. मात्र एक वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर अपत्यांपैकीं कोणासही हा रोग होत नाहीं. कांहीं वाहक होतील, इतकेंच.

ही सोपी बेरीज घरांघरांत ठाऊक नसल्यामुळें फार अन्याय होतो. मूल आजारी निघालें कीं दोष सुनेच्या माथीं मारला जातो. वस्तुतः रोगी मुलास एक प्रत आईकडून व एक बापाकडूनच आलेली असते. मुलगी वाहक आहे असें कळलें कीं कांहीं आईबाप तो कागद पेटींत दडवून ठेवतात. ठरलेलें लग्न मोडेल ही त्यांची भीति खोटी नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कागद लपविला म्हणून रक्त बदलत नाहीं. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना वाटतें कीं हा खेड्यांतला आजार आहे. भंडारा, तुमसर, साकोली सोडून नागपुरास किंवा मुंबई-पुण्यास गेलेल्या घरांबरोबर गुणसूत्रेंही गेलींच कीं! पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवितांना जो उत्साह दिसतो, त्याचा एक अंश जरी या एका गुणाकडे वळला तरी पुष्कळ काम होईल.

तपासणी अवघड नाहीं. थोड्याशा रक्ताची विद्राव्यता पाहून सदोष हीमोग्लोबिन आहे कीं नाहीं, याची प्राथमिक परीक्षा होते. रोगी कीं वाहक हें ठरविण्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही पुढची परीक्षा लागते. विवाहापूर्वीं ही दुसरी परीक्षा करणें इष्ट. एकाकडे सिकलसेलची व दुसऱ्याकडे थॅलसिमियाची सदोष प्रत असली तरीही मूल रोगी होऊं शकतें, आणि विद्राव्यतेच्या परीक्षेंत थॅलसिमिया दिसत नाहीं. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचें निर्मूलन असा तिचा संकल्प आहे.

दोघेही वाहक निघाले आणि तरी त्यांस एकत्रच संसार करावयाचा असेल, तर त्यांचा धिक्कार करूं नये. गर्भावस्थेच्या सुमारें दहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भाची परीक्षा होऊं शकते; तींत काय निष्पन्न झालें व पुढें काय करावें, हें डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या दोघांनींच ठरवावयाचें आहे.

जे रोगी आहेत त्यांच्या बाबतींतही निराश होण्याचें कारण नाहीं. भरपूर पाणी पिणें, कडाक्याची थंडी व अतिश्रम टाळणें, ताप आल्यास ताबडतोब दवाखाना गांठणें, आणि लसी वेळेवर टोंचून घेणें, एवढ्यानेंही पुष्कळ संकटें टळतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें बाळपणींचें तें निराळें हीमोग्लोबिन पुन्हां वाढतें व वेदनेचे झटके कमी होतात. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. रक्त कमी दिसलें कीं लोहाच्या गोळ्या चालू करण्याची रीत येथें उपयोगाची नाहीं. लोह हवें कीं नको, हें तपासूनच ठरतें. दात्याच्या मगजाचें रोपण हा मूळ रोग घालविणारा उपाय आहे, पण जुळणारा दाता मिळणें कठीण. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेंत रोग्याच्याच पेशींतील जनुकांत फेरफार करून केलेल्या उपचारास मान्यता मिळाली. तो अत्यंत खर्चिक आहे; तथापि कृतींतील चूक हाताळतां येते, हें त्यानें सिद्ध केलें.

श्रोतेहो, मी वैद्य नव्हें. आयुष्यभर मुलांना पुस्तकांतले धडे समजावून देणारा एक साधा शिक्षक आहें. पेशीची आकृति काढून तिला नांवें देणें म्हणजे हा धडा पुरा झाला असें मला वाटत नाहीं. आपल्या घरांत उपवर मुलगा किंवा मुलगी असेल, तर या महिन्यांतच त्यांचें रक्त तपासून घ्या. आणि उत्तर कांहींही येवो, तें समोरच्या घरापासून लपवूं नका. आपलीं नातवंडें त्याबद्दल आपणांस दुवा देतील.