मोर, साप आणि खेळाची चौकट

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळतें कीं, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिला. त्या मठास इ. स. १२०७ च्या सुमारास दान मिळालें. आजोबांची विद्या नातवानें चालवावी, ही खानदेशची जुनीच रीत म्हणावयाची.

आमचा नातू धुळ्यास अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीच्या सुटींत जळगांवीं आला असतां त्यानें बेत सांगितला कीं, ‘लीलावती’तील मोर व साप यांचें उदाहरण मोबाइलवरील खेळाच्या रूपानें करावयाचें. खांब नऊ हात उंच, माथ्यावर मोर, बुडाशीं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला, मोरानें तिरपी झेप घेतली. दोघेही सारखेंच अंतर गेले. तर गांठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर बारा, प्रत्येकाची चाल पंधरा हात.

पण खेळ कोणत्या फ्रेमवर्कमध्यें रचावा, यावरून घरांत वाद माजला. फ्रेमवर्क म्हणजे घराचे तयार खांब व तुळया. बोटाचा स्पर्श ओळखणें, आवाज देणें, सेकंदास साठ वेळां चित्र नव्यानें काढणें, हीं कामें तें करितें. मोरानें कोठें झेपावें हें मात्र आपण सांगावयाचें.

त्याच्या वडिलांचें मत ‘युनिटी’कडे, कारण नोकरीच्या जाहिरातींत तें नांव दिसतें. हें म्हणणें खोटें नव्हे. परंतु त्या कंपनीनें सप्टेंबर २०२३ मध्यें, ठराविक मर्यादेपुढें खेळ जितक्या वेळां उतरविला जाईल तितक्या वेळां आकार घेण्याचें जाहीर केलें, व जगभर ओरड झाल्यावर वर्षानें तें मागें घेतलें. ‘फ्लॅश’ची गत याहून वाईट. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार संपला, आणि असंख्य खेळ ब्राउझरांत उघडेनासे झाले. भाड्याच्या घरांत राहूं नये असें नव्हे. पण करार आधीं वाचावा.

‘गोडो’ हें फ्रेमवर्क २०१४ पासून खुलें व विनामूल्य आहे. आम्ही नातवास एवढेंच म्हणालों, “बाळ, प्रथम ‘क्षेत्रमिति’ हा शब्द त्यांत लिहून दाखव.” जुन्या आवृत्तींत जोडाक्षरें फुटत व ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे पडे. २०२३ सालच्या चौथ्या आवृत्तींत शब्द शुद्ध उमटला. ज्या खेळांतील मराठी मुलांस वाचतां येत नाहीं, तो कितीही देखणा असला तरी व्यर्थ होय.

पहिल्या दिवशीं मोर खालीं येण्याऐवजीं आकाशांत गेला! पडद्यावर उंची वरून खालीं मोजतात, हें नातू विसरला होता. चूक सुधारली. मग आठवींतील नातीनें आधीं नऊ, मग पंधरा सांगून पाहिलें; शेवटीं कागदावर कर्णाचा वर्ग मांडून बारा हें उत्तर काढलें. साप धरला गेला. तेव्हां तिचे काकाही हंसले, व युनिटी पुढील वर्षीं शिकावें असें ठरलें.

ज्या घरांत असा प्रश्न येईल त्यांनीं नांवावर भुलूं नये. नुसतें हलतें चित्र ब्राउझरांत हवें असल्यास ‘पी-फाइव्ह-जेएस’ पुरतें. भव्य त्रिमिति दृश्यांस ‘अनरिअल’ आहे, पण त्यास संगणक बळकट लागतो. दोन दिवस देऊन लहानसा नमुना करावा, परवाना वाचावा, आपली लिपि तपासावी, आणि मग महिन्यांचे श्रम गुंतवावे. चौकटी बदलतील, कर्णाचें गणित बदलणार नाहीं.