क्वांटम सिम्युलेटरमधली गेट्स : यादी नीट वाचूया



"सर, क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे काय हो?" असं अकरावी-बारावीची मुलं हल्ली विचारतात. तो वर्गात आणता येत नाही, पण त्याचं गणित साध्या संगणकावर करून दाखवणाऱ्या लायब्ररी मोफत मिळतात. आयबीएमने २०१७ साली आणलेली किस्किट ही त्यातलीच एक.

गेट म्हणजे क्यूबिटवर करायची क्रिया. मुख्य गेट्स अशी :

१) एक्स – ० चा १ आणि १ चा ० करतं. आपलं नेहमीचं नॉट गेटच.
२) एच (हॅडमार्ड) – ० ला ० आणि १ यांच्या समान मिश्रणात नेतं. गंमत म्हणजे, एच दोनदा लावलं की पुन्हा पक्का ० मिळतो. नाणं दोनदा उडवून असं कधी होतं का?
३) झेड, एस, टी – ही फेज अनुक्रमे १८०, ९० आणि ४५ अंशांनी फिरवतात.
४) सीएक्स – पहिला क्यूबिट १ असेल तरच दुसरा उलटवतं. एच आणि सीएक्स मिळून दोन क्यूबिट एकमेकांत गुंततात.

आता महत्त्वाचा मुद्दा. किस्किटच्या एअर सिम्युलेटरमध्ये 'स्टेटव्हेक्टर' पद्धत निवडली तर वरची सगळी गेट्स चालतात. पण दर क्यूबिटमागे मेमरी दुप्पट लागते. ३० क्यूबिटना सुमारे १०७ कोटी संख्या साठवाव्या लागतात, म्हणजे जवळपास १६ जीबी. ३१ झाले की ३२ जीबी!

'स्टॅबिलायझर' पद्धत मात्र शेकडो क्यूबिट सहज सांभाळते. अट एवढीच, की तिथे टी गेट चालत नाही. टी टाकल्यावर एरर आली तर प्रोग्राम बिघडला असं समजू नका. एक्स, झेड, एच, एस, सीएक्स एवढ्याच गेट्सचं सर्किट साधा संगणकही झटपट सोडवतो, असं गॉट्समन-निल प्रमेय सांगतं.

म्हणजे क्यूबिट गुंतले की लगेच क्वांटम संगणक वरचढ ठरला, असं मुलांना सांगणं बरोबर नाही. गुंतागुंत तर एच आणि सीएक्सनेही होते. साध्या संगणकाला खरं जड जातं ते या गेट्सच्या जोडीला टी आल्यावर.

मुलांसाठी प्रश्न : किती टी मिळून एक झेड होतो? अंशांची बेरीज करा. उत्तर चार येतं का, ते मग सिम्युलेटरवर पडताळून पाहा.