बालकांची शिस्त आणि बोर्डीचा धडा

तीन-चार वर्षांचे मूल पाटी भिरकावते, शेजारच्याला ओरबाडते, पाच मिनिटे जागेवर बसत नाही. लगेच त्याच्यावर ‘द्वाड’ असा शिक्का बसतो आणि धाकदपटशा सुरू होतो. वस्तुतः हा दोष बहुधा स्वभावाचा नसून रिकाम्या हातांचा असतो. वेचण्याच्या, ओतण्याच्या, रचण्याच्या वयात बोटांत पेन्सिल कोंबली, की बंड होणारच.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या किनाऱ्यावरील गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसोरी पद्धतीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना रुजली ती तेथे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

बोर्डीचा हा धडा रत्नागिरीच्या किनाऱ्यालाही तितकाच लागू आहे. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारे येथे पर्यटक ज्यासाठी थांबतात, ती वाळू, ते शिंपले, ते सुरूचे बन हेच बालकाचे शैक्षणिक साहित्य होय. लहान-मोठे शिंपले ओळीने लावण्यात गणिताचा पाया आहे. ओल्या वाळूत बोट फिरवण्यात लेखनाची तयारी आहे. मूल घरच्या संगमेश्वरी बोलीत बोलले, तर त्याला मध्येच तोडू नये. उंबरठ्यावरच बोली अडवली, की मूल मुके तरी होते किंवा चिडते तरी.

याचा अर्थ शिस्त नकोच, असा नव्हे. नियम दोन-तीनच असावेत. ‘धावू नको’ यापेक्षा ‘हळू चाल’ हे मुलाला लवकर उमगते. खेळ आवरण्यापूर्वी थोडी आधी सूचना द्यावी. रडणाऱ्याला प्रथम जवळ घ्यावे, समज नंतर द्यावी. नुसते ‘शहाणा’ म्हणण्याऐवजी ‘सगळे शिंपले टोपलीत भरलेस’ असे म्हणावे. म्हणजे काय चांगले केले, हे त्याला कळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला. तथापि पुष्कळ पालकांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि शिक्षण म्हणजे गळ्यात टाय. इकडे सेविकेचे हात आहारवाटप, वजने आणि नोंदी यांत गुंतलेले. तिला मुलांसोबत बसण्याची उसंत मिळत नाही, तोवर धोरण कागदावरच राहील. शिंपल्यांना पैसे पडत नाहीत. शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेला पडतात, आणि ते मोजण्याची तयारी समाजाने व शासनाने दाखवली पाहिजे.