क्यूआर कोड शेअर करण्याआधी

दुपारचं लेक्चर रंगात आलेलं असतं (म्हणजे अर्धा वर्ग झोपेत) आणि ग्रुपवर मेसेज पडतो. ‘अर्जंट! आपल्या वर्गातल्या मुलीच्या बाबांचा ॲक्सिडेंट झालाय. ऑपरेशनसाठी साडेपाच लाख लागणार आहेत. जमेल तेवढी मदत करा, मॅक्सिमम शेअर करा.’ खाली क्यूआर कोड. तुम्ही काय करता? शंभर-दोनशे टाकता, स्टेटस लावता, हात जोडलेला इमोजी पाठवता आणि पुन्हा फळ्याकडे बघता.

त्यात काहीच चुकीचं नाही. त्या शंभर-दोनशेंनीच मोठी रक्कम उभी राहते. पण दोन वर्षांपूर्वी असा मेसेज लिहिणाऱ्यांत मी होतो. मनापासून धावलो आणि धावता धावता बऱ्याच चुका केल्या. उद्या तुमच्या वर्गावर ही वेळ आली, तर त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सांगतोय.

तासाभरात व्हायरल

आमच्या मैत्रिणीचे बाबा रिक्षा चालवतात. रात्री घरी येताना अपघात झाला, डोक्याला मार लागला. लोकांनी जवळच्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जण कॅन्टीनमध्ये बसलो आणि तासाभरात सगळं तयार! एकानं पोस्टर केलं, एकीनं डोळ्यांत पाणी येईल असा मजकूर लिहिला. बाबांची तब्येत कशी आहे हे कळावं म्हणून मैत्रिणीनं आम्हाला आयसीयूमधला फोटो पाठवला होता. तोच पोस्टरवर टाकला. तिला विचारलं नाही. तिचा मोबाइल नंबरही टाकला, म्हणजे लोकांना खात्री पटेल.

संध्याकाळपर्यंत पोस्टर चार कॉलेजांत फिरलं. दोन दिवसांत 83 हजार जमा झाले. आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “पैसे हवेत रे, खोटं कशाला बोलू? पण बाबांचा तो फोटो काढ. आईची अजून आयसीयूत जायची हिंमत होत नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला मोबाइलवर दाखवला.”

पुढचं ऐकून तर मान खाली गेली. तिला दिवसभर अनोळखी लोकांचे फोन येत होते. कुणी ‘हे खरंय का’ विचारायला, कुणी जालीम काढा सुचवायला. एकानं तर रात्री अकराला व्हिडिओ कॉल केला. आम्ही फोटो लगेच डिलीट केला, पण फॉरवर्ड झालेला फोटो परत येत नसतो.

म्हणून पहिली गोष्ट. घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. नाव टाकायचं का, फोटो कुठला, आजाराबद्दल किती सांगायचं, हे त्यांनी ठरवायचं. खात्री पटवायला नळ्या लावलेला माणूस दाखवावा लागत नाही. हॉस्पिटलनं दिलेलं खर्चाचं एस्टिमेट (पत्ता आणि नंबर झाकून) पुरेसं असतं. संपर्कासाठी नंबर तुमच्यापैकी कुणाचा तरी द्या. त्या घरातल्या माणसांना फोन घ्यायला त्राण नसतं.

रेशन कार्ड कुठलं आहे?

त्याच दिवशी एनएसएसच्या सरांनी आम्हाला बोलावलं. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळणार. सरांनी तीनच प्रश्न विचारले. “त्यांचं रेशन कार्ड कुठलं आहे? हॉस्पिटल जन आरोग्य योजनेत आहे का? तिथल्या सोशल वर्करला कुणी भेटलंय का?” तिन्हींचं उत्तर एकच. माहीत नाही, सर.

आपण पोस्टर करायला तासभर देतो, पण हे प्रश्न विचारायला पाच मिनिटं देत नाही. खरं तर पैसे मागण्याआधी हेच करायचं असतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक ऑपरेशन्स आणि उपचारांसाठी एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कॅशलेस संरक्षण मिळतं. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची योजना म्हणून ओळखली जायची. आता पांढरं कार्ड असलेली कुटुंबंही त्यात येतात. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीत असावं लागतं. अशा हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. ॲडमिट झाल्या झाल्या त्याला गाठायचं, कारण उपचारांना आधी मंजुरी घ्यावी लागते. सगळं बिल भरून झाल्यावर पावत्या घेऊन गेलात, तर उपयोग होत नाही. योजनेची हेल्पलाइन 155388.

हॉस्पिटल या यादीत नसेल तर? ते धर्मादाय ट्रस्टचं आहे का बघा. राज्यातली कित्येक चकाचक हॉस्पिटल्स धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. मुंबई हायकोर्टानं 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतले 2 टक्के वेगळ्या निधीत ठेवावे लागतात. म्हणजे ही सवलत मागणं म्हणजे हात पसरणं नाही, हा नियम आहे. रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन सोशल वर्करला भेटायचं.

शिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याची मदत थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थाही उपचारांसाठी मदत करतात. रस्ते अपघात असेल, तर केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे 2025 पासून लागू आहे. त्यात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात. आमच्या वेळी ती नव्हती.

आमच्या मैत्रिणीच्या घरी केशरी कार्ड होतं. हॉस्पिटल जन आरोग्य योजनेत नव्हतं, पण धर्मादाय होतं. चौथ्या दिवशी कागद दिले आणि बाबा सवलतीत बसले. साडेपाच लाखांचा आकडा बराच खाली आला.

पण पहिल्याच रात्री डिपॉझिट भरायला तिच्या आईनं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही पोस्टरचा फाँट निवडत होतो, तेव्हा कुणीतरी ‘रेशन कार्ड कुठलं’ एवढंच विचारायला हवं होतं.

हिशोब मागितला तर राग नको

पाचव्या दिवशी कॉलेजमध्ये कुजबुज सुरू झाली, ‘हे लोक फंडाच्या पैशांवर पार्टी करतायत.’ कारण काय, तर आमच्यातल्या एकानं भावाच्या वाढदिवसाची स्टोरी टाकली होती. डोकंच फिरलं. सर म्हणाले, “चिडू नका, शीट दाखवा.” आमच्याकडे शीटच नव्हती! पैसे एका मित्राच्या खात्यात, थोडी कॅश दुसऱ्याच्या बॅगेत.

त्या रात्री बसून सगळं लिहून काढलं. नंतर रोज रात्री नऊला ग्रुपवर अपडेट टाकायचो. आज किती आले, हॉस्पिटलला किती भरले, पावतीचा फोटो. कुजबुज दोन दिवसांत थांबली.

तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा. शीट तिघांनी बघायची. डबा फिरवणार असाल तर आधी प्रिन्सिपॉलची परवानगी घ्या आणि कॅश दोघांनी मिळून मोजा. शक्य तिथे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा. यूपीआयनं एरवी दिवसाला एक लाख पाठवता येतात, हॉस्पिटलसाठी ही मर्यादा पाच लाखांची आहे. रक्कम खूप मोठी असेल तर मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू असे प्लॅटफॉर्म आहेत. ते कागदपत्रं तपासतात. पण त्यांची फी किती, पैसे कधी आणि कुणाच्या खात्यात येणार, हे आधी वाचा. पैसे देताना प्लॅटफॉर्मसाठी ‘टिप’ जोडलेली दिसली, तर ती बदलता येते हेही लक्षात ठेवा.

डिस्चार्जनंतर

एकोणिसाव्या दिवशी बाबा घरी आले. आमच्याकडे एकूण 2 लाख 14 हजार 650 रुपये जमले होते. बिल भागून 38 हजार उरले आणि आमच्यात जोरदार भांडण झालं. एक म्हणाला, मैत्रिणीला देऊन टाकू. दुसरी म्हणाली, लोकांनी ऑपरेशनसाठी दिलेत, दुसऱ्या पेशंटला देऊ. शेवटी तिच्या घरी विचारलं, मग ग्रुपवर सगळ्यांना विचारलं आणि ते पैसे फिजिओथेरपीला दिले. ‘रक्कम उरली तर काय करणार’ ही ओळ पोस्टरवरच असती, तर भांडण झालंच नसतं.

मग फेस्ट आला, सबमिशन्स आली आणि आम्ही सगळे पांगलो. बाबांचा डावा हात नीट चालत नव्हता. रिक्षाचा हप्ता चालू होता. धाकटा भाऊ दहावीत. मैत्रिणीला दोन विषयांत एटीकेटी लागली. घरचं खरं संकट तेव्हा सुरू झालं होतं आणि आमचं पोस्टर तर केव्हाच जुनं झालं होतं.

ते घर कुणी सावरलं माहितीये? रिक्षा स्टँडवरच्या काकांनी. बॅज असलेल्या चौघांनी आपापसांत शिफ्ट लावून घेतल्या. स्वतःची पाळी संपली की दोन तास त्यांची रिक्षा चालवायची आणि ते पैसे हप्त्याला. सात महिने हे चाललं. पोस्टर नाही, स्टेटस नाही. आम्हाला कळलं तेही योगायोगानं, स्टँडवर चहा पिताना.

त्यानंतर मग आम्हीही थोडे जागे झालो. दोघींनी तिला नोट्स काढून दिल्या, एक मित्र तिच्या भावाला संध्याकाळी गणित शिकवायला जायला लागला. यात एक रुपया लागला नाही. लागला तो वेळ. म्हणून म्हणतो, फंड सुरू करतानाच कॅलेंडरमध्ये एक तारीख टाकून ठेवा, डिस्चार्जनंतरच्या महिन्याची. त्या दिवशी त्यांच्या घरी जा आणि विचारा, “आता काय अडतंय?”

तिनं दोन्ही विषय काढले. मंगळसूत्र सुटायला मात्र वर्ष लागलं.

मागच्या महिन्यात ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला. ज्युनियरच्या आईला ॲडमिट केलं होतं. हात जोडलेले इमोजी सुरू व्हायच्या आत तिचा रिप्लाय आला, “कुठल्या हॉस्पिटलमध्ये? रेशन कार्ड कुठलं आहे? कागद घेऊन ये, मी निघतेय.”