गायी, कॉलेजं आणि पळवलेला शिलर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाचं छोटं गाव आहे. गावाचं ब्रीद आहे 'गायी, कॉलेजं आणि समाधान'. क्रम बघा, गायींचा मान पहिला! ब्रीदातल्या कॉलेजांपैकी एक म्हणजे कार्लटन. विद्यार्थी जेमतेम दोन हजार आणि पदवी एकच, बॅचलरची. गणितवाल्याने नाटकाच्या तासाला बसायचं आणि इतिहासवालीने दुर्बिणीतून तारे बघायचे, असा इथला रिवाज. इथले आजी-माजी विद्यार्थी स्वतःला 'कार्ल' म्हणवतात. अभ्यास मान मोडून करतात, आणि खोड्याही तितक्याच मन लावून.

कॉलेजच्या नावामागे एक अपघात आहे. 1866 साली कॉलेज निघालं तेव्हा त्याला गावाचंच नाव होतं. पुढे अध्यक्ष जेम्स स्ट्राँग देणग्या मागत पूर्वेकडे फिरत होते. विल्यम कार्लटन या दात्याला भेटून निघाले आणि त्यांच्या घोडागाडीला रेल्वेने उडवलं. स्ट्राँग वाचले. हा देवाचाच कौल समजून कार्लटनसाहेबांनी 1871 साली 50,000 डॉलर दिले आणि कॉलेजने त्यांचं नाव घेतलं. देणगी मागण्याची याहून जालीम रीत ऐकिवात नाही.

मग आले दरोडेखोर. 7 सप्टेंबर 1876 रोजी जेसी जेम्सची कुप्रसिद्ध टोळी गावातल्या बँकेवर चालून आली. काउंटरवर होते जोसेफ ली हेवूड, कॉलेजचे खजिनदार. तिजोरी उघडायला त्यांनी साफ नकार दिला आणि जीव गमावला. तोवर गावकरी बंदुका घेऊन रस्त्यावर उतरले होते. त्यांनी टोळीची दाणादाण उडवली. गाव आजही दर सप्टेंबरात 'जेसी जेम्सच्या पराभवाचा' उत्सव करतं. जिंकलेल्याचा उत्सव सगळेच करतात. हरलेल्याच्या नावाने जत्रा भरवायला नॉर्थफील्डच हवं.

आता शिलर. जर्मन कवी फ्रीडरिश शिलर यांचा एक अर्धपुतळा 1950च्या दशकात एका विद्यार्थ्याने लायब्ररीतून लंपास केला. त्याच्याकडून तो दुसऱ्याने पळवला आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याने. तेव्हापासून पळवापळवी अखंड चालू आहे. संकेत असा, की ज्याच्या ताब्यात पुतळा असेल त्याने तो अधूनमधून भर कार्यक्रमात क्षणभर दाखवायचा. बाकीच्यांनी ओरडत मागे धावायचं, त्याने पसार व्हायचं. 2006 साली हे शिलरमहाशय थेट विनोदवीर स्टीफन कोलबेरच्या टीव्ही कार्यक्रमात झळकले. कारण सोपं: कार्यक्रमाच्या लेखकांमध्ये एक जुना कार्ल होता. माजी विद्यार्थी संघटना असावी तर अशी!

पण माझा सर्वांत लाडका किस्सा ड्रुइडांचा. 1963 साली विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजेरी सक्तीची होती. काही बहाद्दरांनी डोकं चालवलं: उपासनाच हवी ना, मग आपलाच पंथ काढू! प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावाने 'सुधारित ड्रुइड' पंथ निघाला आणि टेकडीवर, झाडांच्या सावलीत निसर्गपूजा सुरू झाली. पुढच्याच वर्षी कॉलेजने सक्ती उठवली. थट्टा इथे संपायला हवी होती. पण मंडळींना पूजा आवडून गेली होती. पंथ टिकला, कॅम्पसबाहेर पसरला, आणि आज त्याची कागदपत्रं कॉलेजच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

खेळातही सरळपणा नाही. 'रॉटब्लाट' नावाचा सॉफ्टबॉलचा सामना वर्षातून एकदा होतो. कॉलेजचं वय जितकी वर्षं, तितके डाव. एका हातात बॅट, दुसऱ्या हातात पेला. नाव एका जुन्या बेसबॉलपटूचं. 1977 साली तर शेजारच्या सेंट ओलाफ कॉलेजशी मेट्रिक फुटबॉलचा सामना झाला. यार्डाऐवजी मीटर, खेळाडूंची वजनंही किलोत. कल्पना रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची. कार्लटन 43-0 असं हरलं. मीटरने मोजा नाहीतर यार्डाने, दणका तेवढाच.

डेसी मोझेस या आजींनी आपलं घर कॉलेजला दिलं. तिथे कोणीही कधीही जाऊन बिस्किटं भाजावीत. सामान घरातलंच, अट एकच, की काही बिस्किटं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवायची. 2010 साली वेधशाळेच्या घुमटाला रातोरात 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू-डी-टू यंत्रमानवाचं रूप देणारी पोरं याच कॅम्पसवरची.

या उनाडांचं पुढे काय होतं? स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-1 जनुकाचा माग काढणाऱ्या मेरी-क्लेअर किंग इथल्याच, आणि पदवी गणिताची! 'फ्री सोलो'साठी ऑस्कर मिळवणारे जिमी चिन इथलेच. श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाची सालं काढणारे अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन 1880 साली इथूनच बाहेर पडले.

आणि एक धागा आपल्या अंगणातला. बाबासाहेब आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिणाऱ्या, दलित साहित्य आणि संतकवींवर प्रेम करणाऱ्या एलिनॉर झेलियट 1969पासून जवळजवळ तीन दशकं याच कॉलेजात इतिहास शिकवत होत्या. तिथल्या छोट्या कॉलेजांच्या मंडळाचा भारत अभ्यासक्रम पुण्यात चालायचा. अमेरिकन मुलंमुली पुण्यातल्या घरांत राहायची आणि मराठी शिकायची. तेव्हा तुमच्या घरी किंवा शेजारी असा एखादा पाहुणा राहून गेला असेल, तर त्याला एकदा पत्र टाका आणि विचारा: बाबा रे, शिलर सध्या कोणाकडे आहे?