साठ जागा आणि पुण्याचा उदयन माने

मंडळी, न्यायाचा प्रश्न आज आपण बिडकीनहून थेट गोल्फच्या मैदानावर नेऊ. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फला जागा फक्त ६०. मग जगातले पहिले साठच घ्यावेत ना? तसं होत नाही. क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांत एका देशाचे जास्तीत जास्त चार, त्यापुढे दोनच. म्हणून अमेरिकेचे कितीतरी चांगले खेळाडू घरी राहतात. टोकियोच्या वेळी अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि पुण्याच्या उदयन मानेला जागा मिळाली. तो ५६वा आला. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंवर हा अन्याय झाला का? आम्हाला तसं वाटत नाही. स्पर्धा जगाची म्हणवायची, तर जगाला दारातून आत घ्यावंच लागतं. आत आल्यावर मात्र सवलत नाही, ७२ होल सगळ्यांना सारखेच.