कुशाण उत्तरेत, शक दाराशी

इ.स.पू. दुसऱ्या शतकात शिओंग्नूंनी हुसकावलेल्या युएची टोळ्या चीनच्या गान्सू भागातून सरकत अमुदर्याकाठी आल्या. त्यांच्यातल्याच कुजुल कडफिसेसने पुढे कुशाण साम्राज्य उभे केले. कुशाण सम्राट कनिष्काची सत्ता कुठवर होती? अफगाणिस्तानात १९९३ मध्ये सापडलेला रबातक लेख साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र अशी नावे घेतो. विदर्भाचे नाव त्यात नाही.

दख्खनवर चालून आले ते शक क्षत्रप; तेही मध्य आशियातूनच आलेले. त्यांच्यातल्या नहपानाने नाशिकपर्यंत मजल मारली आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला धूळ चारली. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला: नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी ठोकलेली, खालून कुठे नाक, कुठे अर्धवट ग्रीक अक्षरे डोकावणारी. सूडही उगवला, चांदीही वाचली!

नाशिकच्या लेणी क्र. ३ मध्ये गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात त्याच्या मुलखांत विदर्भही येतो. बुलढाणा हे विदर्भाचे पश्चिम दार. तिथल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठच्या भोन इथे विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी उत्खननात सापडल्या आहेत.